उंच केलेली जीप आणि चाकांची जुळणी

महाराष्ट्राचा मोठा भाग डोंगराळ आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वाड्या, सातपुड्याच्या कुशीतील पाडे आणि गडचिरोलीच्या जंगलातील वस्त्या यांच्याशी बारमाही संपर्क ठेवण्यास जीपसारखे चारही चाकांना गती देणारे वाहन आजही उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाली. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण भागातील ओळखीचे दृश्य झाले. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी, २०१० मध्ये महिंद्राची थार आणि २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी अशी वाहने आली. वाहने बदलली तरी खडक, ओढे, चिखल आणि खोल गेलेल्या चाकोऱ्या यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या प्रश्नावरील एक उपाय म्हणून गाडी मुळापेक्षा उंच करून घेण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. उंच गाडीचा तळ दगडास लागत नाही, ओढ्यातून ती सुलभतेने पार होते आणि तिला मोठे टायर बसविता येतात, हे खरे आहे. तथापि, गाडी उंच होते त्याच क्षणी तिच्या चाकांची मूळ जुळणी बिघडते. ही जुळणी पुन्हा करून घेण्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. त्याचे परिणाम काही महिन्यांत टायर झिजण्यात दिसतात. घाटाच्या वळणावर मात्र ते एका क्षणात दिसू शकतात. यास्तव या विषयाची शास्त्रीय बाजू समजावून घेणे वाहनधारकांना तर आवश्यक आहेच, पण ज्यांच्या स्वाक्षरीने वाहनदुरुस्तीची देयके मंजूर होतात त्यांनाही ते उपयुक्त ठरेल.

जुळणी म्हणजे काय?

गॅरेजमध्ये ज्यास व्हील अलाइनमेंट म्हणतात ती चाकांची जुळणी होय. चाके रस्त्याशी, गाडीच्या सांगाड्याशी आणि परस्परांशी ठराविक कोनांत उभी असावी लागतात. हे कोन मुख्यतः तीन आहेत.

पहिला कोन टो. वरून पाहिले असता पुढील दोन चाके समांतर आहेत की पुढच्या टोकाशी किंचित जवळ आली आहेत, हे टोवरून कळते. पुढचे टोक जवळ असेल तर टो-इन आणि दूर असेल तर टो-आउट म्हणतात. दुसरा कोन कॅम्बर. समोरून पाहिले असता चाकाचा माथा बाहेर झुकलेला असेल तर कॅम्बर धन आणि आत झुकलेला असेल तर ऋण असतो. तिसरा कोन कॅस्टर. ज्या अक्षाभोवती चाक डावीउजवीकडे वळते, तो अक्ष बाजूने पाहता मागे किती कललेला आहे हे त्यावरून समजते.

कॅस्टर समजण्यास सायकलीचे उदाहरण उत्तम आहे. सायकलीच्या पुढील फाट्याची तिरकस रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपुढे पडते. त्यामुळे चाक त्या बिंदूमागून ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते. खोगीर धरून सायकल पुढे ढकलली तर ती सरळ जाते. तशीच मागे ढकलली तर हँडल फिरून आडवे होते. हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या पटांगणावर करून दाखविता येईल. मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर हातात स्वतःहून परत येते, त्याचे प्रमुख कारण हा कॅस्टर होय.

हे कोन फार लहान असतात. जुन्या विलीज जीपच्या दुरुस्तीपुस्तिकेत कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश आणि टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर, असे दिलेले आहे. प्रत्येक वाहनाचे आकडे वेगळे असतात. ते उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. एका गाडीचे माप दुसरीस लावू नये.

लहान चूक, मोठा खर्च

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. समजा, टायरचा व्यास ७०० मिलिमीटर आहे आणि दोन्ही चाकांत मिळून टोची चूक ६ मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्यास ३ मिलिमीटर आले. चाक ७०० मिलिमीटरमागे ३ मिलिमीटर तिरके आहे. म्हणून १ किलोमीटर अंतरात ते सुमारे ४.३ मीटर आडवे घासले जाते. हजार किलोमीटरच्या प्रवासात हे घासणे चार किलोमीटरांहून अधिक होते. डांबरी रस्त्यावर रबराची अशी किसणी झाल्यावर नवे टायर अकाली फेकावे लागतात यात नवल नाही. अशा टायरच्या पृष्ठावरून हात आडवा फिरविला तर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागते. टायर केवळ आतल्या किंवा केवळ बाहेरच्या कडेने झिजत असेल तर कॅम्बरचा संशय घ्यावा. गाडी सरळ रस्त्यावरही सारखी भरकटत असेल आणि वळणानंतर स्टिअरिंग आळसाने परत येत असेल तर कॅस्टर कमी झालेला असण्याचा संभव अधिक.

उंची वाढविण्याचे प्रकार आणि त्यांचे परिणाम

गाडी उंच करणे हा शब्दप्रयोग एक असला तरी त्यात भिन्न प्रकार येतात. सांगाडा आणि वरील बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून केवळ बॉडी वर उचलली, तर चाकांचे कोन बदलत नाहीत. मात्र स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा आणि वायरी यांवर ताण येतो का ते पाहावे लागते. स्प्रिंगांच्या भागात फेरफार करून सांगाडा वर उचलला, तर जुळणी निश्चितपणे बदलते. ती कशी बदलते हे पुढील भागाच्या रचनेवर अवलंबून असते.

पहिली रचना अखंड एक्सल आणि पाट्यांची. जुन्या जीपमध्ये व जिप्सीमध्ये ती आढळते. येथे दोन्ही चाके एकाच ताठ एक्सलच्या टोकांस असल्याने कॅम्बर उंचीबरोबर बदलत नाही. अधिक कमानीचे पाटे किंवा लांब शॅकल बसविले की पाट्याच्या दोन टोकांची पातळी बदलते, एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि कॅस्टर बदलतो. तो सुधारण्यासाठी पाटा व एक्सल यांमध्ये ठराविक अंशाची पाचर बसवितात. पाचरेची जाड बाजू पुढे की मागे ठेवावयाची, हे पाटा एक्सलच्या वर आहे की खाली यावर अवलंबून असते. म्हणून ती अंदाजाने न बसविता कोन मोजूनच बसविली पाहिजे. पुढील एक्सल व पाटा यांमध्ये सुटे ठोकळे रचून उंची वाढविणे मात्र टाळावे. ब्रेक लागताना पुढील एक्सलवर येणारा पीळ मोठा असतो आणि ठोकळा सरकल्यास स्टिअरिंगवरील ताबा सुटू शकतो.

दुसरी रचना अखंड एक्सल आणि गुंडाळी स्प्रिंगांची. जिम्नी हे तिचे उदाहरण. येथे एक्सलला धरून ठेवणारे दोन दांडे मागे सांगाड्यास जोडलेले असतात. सांगाडा वर गेला की हे दांडे खाली झुकतात आणि त्यांबरोबर एक्सलही फिरतो. समजा, दांड्याची लांबी ७५० मिलिमीटर आहे आणि गाडी ५० मिलिमीटर उंच केली. तर एक्सल जवळजवळ ३.८ अंशांनी फिरतो आणि कॅस्टर तेवढाच घटतो. मूळचा कॅस्टर ३ अंशांच्या आसपास असेल, तर तो केवळ शून्यावर येतो असे नव्हे, उलट्या दिशेसही जातो. दोन इंच उंचीने गाडी सुकाणू नसलेल्या नावेसारखी का होते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. यावर उपाय म्हणून दांड्यांच्या टोकांत मध्यबिंदू सरकविलेले बुश किंवा सांगाड्याकडील टोक खाली आणणारे कंस वापरतात.

याच रचनेत एक्सलला आडवे सरकू न देणारा एक तिरपा दांडा असतो. तो ९०० मिलिमीटर लांब असून त्याच्या दोन टोकांच्या पातळीत आधीच १०० मिलिमीटर फरक असेल, तर आणखी ५० मिलिमीटर उंचीने एक्सल सुमारे ७ मिलिमीटर एका बाजूस सरकतो. लांबी कमीजास्त करता येणारा दांडा बसवून तो पुन्हा मध्यावर आणावा लागतो.

तिसरी रचना स्वतंत्र पुढील चाकांची. २०१० मधील थारमध्ये पिळाच्या सळया होत्या. त्या आवळल्या की गाडीचे नाक वर येते, म्हणून हा उपाय स्वस्त आणि सोपा वाटतो. तथापि, अशा रचनेत चाक सांगाड्याच्या तुलनेत खाली जाताच टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे तीनही कोन एकदम बदलतात. शिवाय चाकास गती देणाऱ्या आडव्या दांड्यांचे सांधे अधिक तिरके चालू लागतात व लवकर झिजतात. जुळणीसाठी दिलेली फिरवाफिरवीची मर्यादा येथे लवकर संपते. जुळणीच्या यंत्रावर आकडे मर्यादेत येतच नसतील, तर उंची कमी करणे हाच प्रामाणिक उपाय होय.

जुळणीपूर्वीची तपासणी

ढिल्या भागांवर केलेली जुळणी ही वाळूवर बांधलेल्या भिंतीसारखी असते. म्हणून प्रथम गाडी जॅकवर घेऊन चाकांचे बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, स्टिअरिंग बॉक्स आणि सर्व बुश तपासावेत. पाट्यांचे यू-बोल्ट आवश्यक तेवढे आवळलेले असावेत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना अंतिम आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार पडल्यावरच आवळावेत. अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. पाट्याचा मधला बोल्ट आपल्या खाचेत नीट बसला नसेल तर एका बाजूचे अंतर कमी भरते आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. असा दोष पुढील चाकांच्या जुळणीने दूर होत नाही. चारही टायर एकाच मापाचे असून त्यांत योग्य हवा असावी. गाडीत नेहमी हत्यारे, पाण्याची पिंपे किंवा औषधपेट्या यांचा स्थिर भार राहत असेल, तर त्या भारासहच माप घेणे श्रेयस्कर.

जुळणीचा क्रम

जुळणीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम कॅस्टर, नंतर कॅम्बर आणि शेवटी टो. कारण पहिले दोन बदलले की टो आपोआप बदलतो. आधी लावलेला टो मग व्यर्थ ठरतो. कॅस्टर मोजण्यासाठी पुढील चाके फिरत्या तबकड्यांवर उभी करून साधारणतः २० अंश डावीकडे व २० अंश उजवीकडे वळवितात आणि कॅम्बरमध्ये पडणाऱ्या फरकावरून कॅस्टर काढतात. संगणकीय यंत्र हेच गणित क्षणात करते. दोन्ही बाजूंचे आकडे शक्य तितके सारखे असावेत. कॅस्टर ज्या बाजूस कमी, त्या बाजूस गाडी ओढली जाते; कॅम्बर ज्या बाजूस अधिक धन, त्या बाजूस ओढली जाते.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. अखंड एक्सल फिरवून कॅस्टर वाढविला की त्याबरोबर डिफरन्शियलचे तोंड खाली वळते आणि पुढील प्रोपेलर शाफ्टचे सांधे अधिक तिरके होतात. ठराविक वेगास गाडी थरथरू लागते. पांघरूण डोक्याकडे ओढावे तर पाय उघडे पडावेत, तसा हा प्रकार आहे. गाडी जेवढी अधिक उंच, तेवढे हे पांघरूण अपुरे. म्हणूनच माफक उंची हीच शहाणपणाची उंची होय.

टो लावताना स्टिअरिंगचे चाक सरळ ठेवून ते बांधून ठेवतात. उंच केलेल्या गाडीत ड्रॅग लिंक तिरकी झाल्यामुळे स्टिअरिंगचे चाक एका बाजूस वळलेले राहते. काही गाड्यांत त्यामुळे टोही बदलतो. ड्रॅग लिंकची लांबी जुळवून ते सरळ करावे. स्टिअरिंगचे चाक नुसते उपसून सरळ बसविणे योग्य नव्हे. तसे केल्यास स्टिअरिंग बॉक्सचा मध्य चुकतो. ड्रॅग लिंक फारच तिरकी राहिली तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळू पाहते. हा दोष जुळणीने जात नाही. त्यासाठी लिंकच्या जोडाची जागाच बदलावी लागते.

तालुक्याच्या ठिकाणी यंत्र नसेल तर निदान टो तरी साध्या साधनांनी तपासता येतो. सपाट जागेवर गाडी उभी करून दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूने एकेक रेघ काढावी. रेघा एक्सलच्या उंचीवर मागील बाजूस असताना त्यांमधील अंतर टेपने मोजावे. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच रेघा समोर त्याच उंचीवर आणाव्यात व पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरक म्हणजे टो. गाडी केवळ पुढे ढकलावी. मागे घेतल्यास सांध्यांतील ढिलाई उलटी पडते व माप चुकते. ही तपासणी यंत्राची जागा घेऊ शकत नाही. मोठा दोष वेळीच उघड करण्यास मात्र ती पुरेशी आहे.

नवे पाटे व स्प्रिंगा काही काळ बसत जातात. म्हणून काही शे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून जुळणी दुसऱ्यांदा तपासावी. पहिल्याच दिवशी मिळालेला छापील तक्ता अंतिम समजू नये.

चाकांपलीकडील बाबी

अनेक भारवाहू वाहनांत व जीपमध्ये मागील एक्सलला जोडलेली एक झडप असते. गाडी भरली की मागील भाग खाली बसतो आणि झडप मागील ब्रेकला अधिक दाब देते. मागील भाग उंच केला की ही झडप गाडी कायम रिकामी असल्याचे समजते आणि भरल्या गाडीतही मागील ब्रेक कमी लागतात. तिची जोडदांडी पुन्हा जुळविणे अत्यावश्यक आहे. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळताना ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे. पुढील दिव्यांचे झोत खाली आणावेत, अन्यथा समोरील चालकाचे डोळे दिपतात. टायर ७०० ऐवजी ७५० मिलिमीटर व्यासाचे बसविले तर वेगदर्शक ६० दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग ६४ च्या पुढे असतो.

सर्वांत महत्त्वाची बाब गुरुत्वमध्याची. दोन चाकांमधील अंतर १,३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५० मिलिमीटर असेल, तर निम्मे अंतर भागिले उंची हे गुणोत्तर १ येते. उंची ७०० झाली की ते ०.९३ होते. म्हणजे उलटण्यास विरोध करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी घटते. कोणतीही जुळणी ही घट भरून काढू शकत नाही. तिची भरपाई चालकाने वळणावरील वेग कमी करूनच करावयाची असते.

कायदा आणि जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात विहित केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ अन्वये अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे हिताचे. अनधिकृत बदल केलेल्या वाहनाचा अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही वाद उद्भवू शकतो.

शासकीय व स्थानिक संस्थांच्या वाहनांबाबत ही दक्षता अधिक हवी. सक्षम मंजुरीवाचून अशा वाहनाची रचना बदलू नये. दुर्गम भागासाठी वाहन घेताना मुळातच पुरेशी उंची असलेले वाहन निवडणे नंतर ते उंच करण्यापेक्षा अधिक सुरक्षित आणि बहुधा स्वस्त ठरते. ज्या वाहनाचे पाटे किंवा स्प्रिंगा बदलल्या असतील, त्याच्या दुरुस्तीच्या मागणीपत्रातच चाकांची जुळणी, ब्रेकच्या झडपेची जुळणी व दिव्यांची तपासणी ही कामे अंतर्भूत करावीत. जुळणीपूर्वीचा व नंतरचा छापील तक्ता देयकास जोडण्यास सांगावे आणि त्याची नोंद लॉग बुकात करावी. पुढे टायर अकाली झिजल्यास कारण शोधण्यास या नोंदीचा मोठा उपयोग होतो.

मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चाकांची जुळणी शिकविली जाते. माध्यमिक शाळांतील विज्ञान व भूमिती शिक्षकांनी कोन, गुणोत्तर आणि गुरुत्वमध्य हे विषय शिकविताना गावातील एखादी जीप उदाहरणादाखल घेतल्यास पुस्तकातील आकृतीला प्रत्यक्षाची जोड मिळेल. खडू, टेप आणि ओळंबा एवढेच साहित्य त्यास लागते.

डोंगरवाटेवरील वाहनात चालकाबरोबर कधी रुग्ण असतो, कधी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असतात, कधी पुरात अडकलेल्यांसाठी धान्य असते. या सर्वांची सुरक्षितता शेवटी पुढील दोन चाकांच्या काही अंशांवर आणि काही मिलिमीटरांवर अवलंबून राहते. गाडी उंच करण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याने हे अंश व मिलिमीटर मोजून घेतल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये.